तू नसायचीस ती दोन मिनिटं

मिना,

तुला माती देऊन आज अकरा दिवस झाले. घरात अजून माणसं येतात. बसतात, चहा घेतात आणि मग हळूच विचारतात, कसं झालं? मी सांगतो, रविवारी दुपारी झोपेतच गेली, फिट आली असावी. ‘असावी’ म्हणतो, कारण मी तिथे नव्हतो. तेवीस वर्षांत तुला आलेल्या जितक्या फिट मी पाहिल्या, त्या प्रत्येकीचा वृत्तान्त मी तुला दिला. शुद्ध परत आली, जिभेवर शब्द परत आले की तू आधी तेच मागायचीस. लोकांना वाटायचं, असल्या गोष्टी बाईला कशाला सांगायच्या? पण फिटच्या त्या दोन मिनिटांत जणू कोणीतरी तुझ्या घरात वावरून, सामान विस्कटून निघून गेलेलं असायचं. ते कोण होतं, हे तुला कळायला नको? या शेवटच्या फिटबद्दल मात्र मला तुला काहीच सांगता येत नाही.

आपण घरात आपल्या बोलीत बोलायचो. हे मी शाळेच्या मराठीत लिहितोय, कारण कागद दिसला की तू लाल पेन उघडायचीस. चुका असतील. राहू देत.

परवा आत्याने आपल्या लग्नाची गोष्ट काढली. म्हणाली, आमच्या बस्त्यावने मोठ्या मनाने पदरात घेतलं तिला.  खरं काय ते तुला तरी माहीत होतं का, कोणास ठाऊक. मी तुला बघायला आलो तेव्हा तू तुझ्या बाबांना सांगून मला वाडीत नेलंस. केळीच्या रांगेत उभी राहून म्हणालीस, “मला फिट येतात. अकरावीपासून. गोळ्या चालू आहेत, तरी येतात. घरच्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.” मग विचारलंस, तुम्हाला काही विचारायचंय का? मी विचारलं, दुखतं का? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू हा प्रश्न तुला आजवर कोणी विचारलाच नव्हता. “काय माहीत,” म्हणालीस. “मी नसते ना तेव्हा.”

मी होकार दिला तो मोठ्या मनाने नाही, मिना. नसते म्हणजे कुठे असते, हे घरी परत जाताना माझ्या डोक्यातून जाईना. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी मात्र रोज वाडीत मोगरा खुडताना त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो.

लग्नानंतरची पहिली फिट स्वयंपाकघरात आली. आई चप्पल घेऊन धावली आणि मी तुझ्या दातांत चमचा घातला. फिट तिच्या वेळेने थांबली, पण चमच्याने तुझा पुढचा दात कोपऱ्यात तुटला. संध्याकाळी तू आम्हा दोघांना समोर बसवून शिकवणी घेतलीस. तोंडात काही घालायचं नाही, हुंगवायचं काही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. आईने चप्पल जागेवर ठेवली ती कायमचीच. शेवटी तू मला एकट्याला म्हणालीस, “आणि बघ. नुसता घाबरून बसू नकोस, बघ.”

मी बघायला शिकलो, पण त्याहून जास्त राखण करायला शिकलो. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. गॅसची शेगडी तुझ्या कमरेइतक्या उंचीवरून खाली, जमिनीलगत आणली. तू ते चालवून घेतलंस. मग एका शनिवारी मी न्हाणीघराची आतली कडी स्क्रू काढून उखडली. तू शाळेतून आलीस, दाराकडे पाहिलंस आणि त्या दिवशी आंघोळच केली नाहीस. दार लावून आंघोळ करणं ही काय चैन आहे का, हा तुझा प्रश्न. दाराआड तू पडलीस तर मी काय करू, हा माझा. हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! शेवटी स्नेहलने, आपल्या नऊ वर्षांच्या लेकीने, निवाडा केला: आई कडी लावेल, पण आत असेपर्यंत मोठ्याने काहीतरी म्हणत राहील. तू विज्ञानाची टीचर. तू मूलद्रव्यांची नावं चालीवर म्हणायला लागलीस. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. किती बेसूर! अंगणात केळीची पानं बांधताना मीही ती पाठ केली. कॅल्शियमपर्यंत तुझी आंघोळ व्हायची. सोडियमपाशी एकदा तू थांबलीस आणि मी दारावर धडका मारल्या, तर आतून आवाज आला, “डोळ्यात साबण गेलाय!”

मग एक मोठा काळ बरा गेला. दुसरी गोळी सुरू झाली आणि वर्षभराहून जास्त दिवस एकही फिट आली नाही. आपण ते उघड बोलत नव्हतो, दृष्ट लागेल म्हणून. शाळेत कोणाला माहीत नव्हतं, तू सांगितलंही नव्हतंस. आणि मग ती आली, नववीच्या वर्गात, फळ्यासमोर, शिकवता शिकवता. शाळेतून फोन आला. मी पोहोचलो तेव्हा तू शिक्षकांच्या खोलीत बाकावर बसली होतीस, साडीला खडूची धूळ, हनुवटीला टाका पडेल अशी खोक. आणि मी तुला पहिलं काय विचारलं, आठवतं? मला आठवतं. मी विचारलं, गोळी चुकवलीस ना?

 घरी आल्यावर गोळ्यांची खणांची डबी आणून माझ्यासमोर ठेवलीस. सोमवारपासून गुरुवार सकाळपर्यंतचे सगळे खण रिकामे होते. मी म्हटलं, बरं. ‘चुकलो’ म्हणालो नाही. आज म्हणतो. गोळी वेळच्या वेळी घेऊनही फिट येते हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तू सांगितलं होतंस, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी फिट आली की चूक कोणाची ते मला शोधायचं असायचं, आणि जवळ तूच असायचीस.

दुसऱ्या दिवशी काही पालक शाळेत आले. मुलं घाबरली, एक मुलगी रडत घरी गेली. मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी तुला ग्रंथालय सांभाळशील का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, सांभाळेन, पण त्याआधी मला नववीवर एक तास द्या. बाईंनी कबूल केलं, पण नवऱ्याला बाहेर उभं करा म्हणाल्या. म्हणून मी त्या तासाला व्हरांड्यात, दाराआड उभा होतो. तुला वाटायचं मला अर्धंच ऐकू आलं. मी सगळं ऐकलं.

 तू म्हणालीस, “परवा इथे जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. एकटी मीच नाही पाहिलं. म्हणून आज तुम्ही मला शिकवा. काय दिसलं ते क्रमाने सांगा, मी फळ्यावर लिहिते.”

 मग एकाने हात वर करून सांगितलं, तुम्ही पडलात. तू लिहिलंस. त्याआधी? दुसऱ्याने सांगितलं, तोंड चघळल्यासारखं हलत होतं. तू लिहिलंस. त्याच्याही आधी? मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, बारीक आवाजाची.

“टीचर, तुम्ही बोलता बोलता थांबलात. मग डाव्या हाताने पदराचं टोक चोळत राहिलात. उजवा हात नुसताच वाकडा होऊन ताठ झाला होता. पडलात ते खूप नंतर. आणि उठल्यावर डस्टरला डस्टर म्हणता येत नव्हतं तुम्हाला.”

मी व्हरांड्यात भिंतीला टेकलो. इतकी वर्षं मी तुझ्या फिट पाहत होतो आणि हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी घड्याळ पाहायचो, तुझं डोकं कुठे आपटेल ते पाहायचो, श्वास पाहायचो. हात पाहिले नव्हते. त्या मुलीने पाहिले. तुझ्या आवाजात भीती नव्हती की लाज नव्हती. तू तिला विचारत होतीस, नक्की डावाच ना? माझा डावा की तुझ्या बाजूने डावा? मग तू मेंदूचा धडा काढलास आणि मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते हे शिकवलंस. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. ग्रंथालयाचं पुढे कोणी नाव काढलं नाही.

फळ्यावरचं ते तू वहीत उतरवून घेतलं होतंस. मेंदूच्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, फिट एका जागेवरून सुरू होऊन पसरत असावी. ती जागा सापडली तर ऑपरेशनचा विचार करता येईल. दोन औषधं होऊनही फिट परत येतात, तेव्हा नुसत्या तिसऱ्याने त्या पूर्ण थांबतील अशी आशा कमी. त्याच बैठकीत त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली: ज्यांच्या फिट ताब्यात येत नाहीत, त्यांच्यातलं एखादं माणूस झोपेत जाऊ शकतं. तू त्यावर तीन प्रश्न विचारलेस. मी एकही विचारला नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

मग मुंबईच्या हॉस्पिटलातले ते दिवस. डोक्याला तारा चिकटवलेल्या, समोर कॅमेरा, गोळ्या मुद्दाम कमी केलेल्या, आणि आपण फिटची वाट बघत बसलेलो. आयुष्यभर जिला दाराबाहेर ठेवलं, तिला आता या म्हणायचं. पहिला दिवस काही नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. तू नर्सला म्हणालीस, या फिटचं पण आमच्याकडच्या पाहुण्यांसारखं आहे, बोलावलं की येत नाही. स्नेहलला हसू आवरेना. चौथ्या दिवशी सकाळी तू माझ्यासाठी मोसंबं सोलत होतीस. अर्धं सोललंस आणि हात थांबला. मी नर्सला बोलवायचं बटण दाबलं.

संध्याकाळी तू डॉक्टरांना म्हणालीस, मला ते बघायचंय. त्यांनी आधी टाळलं. तू म्हणालीस, सगळ्यांनी पाहिलंय, नववीच्या पोरांनी पाहिलंय, माझाच नंबर लागायचाय. स्नेहल उठून बाहेर गेली. मी तुझ्याशेजारी बसलो. पडद्यावर तू होतीस, मोसंबं हातात, नजर कुठेच नाही. उजवा हात मनगटात वळून ताठलेला. डावा हात चादरीवर फिरत होता, चिमटीत धरत होता, सोडत होता, पुन्हा फिरत होता. तू ते तीनदा लावायला सांगितलंस. मी पडद्याकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होतो. तू रडशील असं वाटत होतं.

“मला वाटायचं मी भयंकर दिसत असेन,” तू म्हणालीस. मग पडद्याकडे बोट करून, “बघ ना, बस्त्याव. ती तर काहीतरी शोधतेय.”

जागा सापडली. डाव्या बाजूला, खोल, आणि नेमकी तिथे जिथे नावं लक्षात राहतात. ऑपरेशनने फिट थांबण्याची चांगली शक्यता होती. काही नावं, काही शब्द जाण्याचीही होती. किती जातील ते आधी सांगता येणार नव्हतं. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे? तू मात्र घरी आल्यावर वाडीत फिरून एकेका झाडाला हाक मारत होतीस. चाफा, तगर, जुई, राजेळी केळ. मी म्हटलं, गेली नावं तर मी सांगेन. तू थांबलीस आणि म्हणालीस, “सगळं तूच सांगायचं का मला?”

मे महिन्यात बघू, असं तुझं ठरलं. तीच नववी आता दहावीत गेली होती, त्यांना परीक्षेपर्यंत सोडायचं नव्हतं. तू ऑपरेशन नको म्हणाली नव्हतीस, हे मी आता सगळ्यांना सांगतो. तू फक्त थोडे दिवस मागितले होतेस. तिसरी गोळी सुरू झाली, वाढवली, तरी शेवटच्या आठवड्यात दोनदा फिट आली.

त्या रविवारी चर्चमधून मिस्सा करून आल्यावर मी पुन्हा विषय काढला. मेपर्यंत थांबायचं नाही, उद्याच तारीख घेऊ. तू वह्या तपासत होतीस. मी म्हटलं, तुला माझ्यापेक्षा आणि स्नेहलपेक्षा ती पोरं जास्त. तू चष्मा काढलास. ओरडली नाहीस. म्हणालीस, “तू मला बघतच नाहीस आताशा. माझ्या फिटला बघतोस.”

  जेवलो दोघेही. मग मी म्हटलं, मावसभावाकडे केळीची रोपं बघून येतो. तू म्हणालीस, जा, मी पडते जरा. येताना पाव आण. आपलं शेवटचं बोलणं पावाचं झालं. घरी दुसरं कोणी नसलं की मी शेजारच्या काकींना लक्ष ठेवायला सांगतो नेहमी. त्या दिवशी सांगितलं नाही.

साडेपाचला आलो. तू पलंगावर पालथी होतीस, गाल उशीत. वह्यांचा गठ्ठा उशाशी, वर चष्मा. मी तुला वळवलं, आणि वळवतानाच कळलं.

डॉक्टरांना भेटून आलो. विचारलं, मी तिथे असतो तर? ते म्हणाले, “कदाचित वाचल्या असत्या. कदाचित नाही. खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही.” खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचे आभार मानले. मग त्यांना विचारलं, हॉस्पिटलातलं ते चित्रण मिळेल का? फिटचं नको. त्याच्या आधीचे तीन दिवस. तू नर्सला चिडवतेस, स्नेहलची वेणी घालतेस, मला पेपर वाचून दाखवतेस, ते. त्यांनी फोन करून चौकशी केली. तेवढा फिटचा तुकडा ठेवतात, बाकीचं पुसून टाकतात, कारण त्यात काही घडलेलं नसतं. जिना उतरताना तुझं रविवारचं बोलणं मला पुरतं कळलं. तेच तर मी केलं होतं, मिना. घडलं तेवढं ठेवलं.

आता जे मी कोणालाच सांगितलेलं नाही ते. मी मावसभावाकडे गेलो नव्हतो. स्कूटर नालासोपाऱ्याकडे वळवली आणि सरळ कळंबला समुद्रावर गेलो. फोन बंद केला. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपासून लांब, माणसं नव्हती तिथे जाऊन बसलो. दोन तास बसलो. आधी तुझ्यावर चिडलेला होतो, मग ते ओसरलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझे कान कशाची वाट बघत नव्हते. भांडं पडल्याचा आवाज नाही, अचानक झालेली शांतता नाही. मी सुखी होतो. तेव्हा इकडे काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं, आणि ते त्याच दोन तासांत झालं का, हे आता कधीच कळणार नाही. पण मी सुखी होतो हे खरं आहे आणि ते मला लपवता येत नाही.

अकरा दिवस मी हाच विचार करतोय की तुला हे कळलं असतं तर तू काय केलं असतंस. स्नेहल रागावेल. आत्या तर गावभर करेल. तू रागावली असतीस असं मला कितीही प्रयत्न केला तरी दिसत नाही. तू नेहमीसारखा वृत्तान्त मागितला असतास, पाणी कुठवर होतं?

ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की होड्या वाळूत एका कुशीवर कलंडल्या होत्या. ओल्या वाळूवर खेकड्यांची बारीक भोकं होती, हजारो असतील, आणि प्रत्येकाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मांडलेल्या. मी पाऊल टाकलं की सगळे खेकडे एकदम आत जायचे, आणि किनारा रिकामा. म्हणून मी एका जागी उभा राहिलो. आधी एक वर आला, मग लांब कुठेतरी दुसरा. मी बराच वेळ हललो नाही, मिना. सगळे वर आले. माझ्या पायाला लागून त्यांचं काम चाललं होतं.